लोटे, महाड, रोहा : रसायन उद्योगाचे उत्पादन मोजायचे ते नेमके कशावरून?

जगबुडीकाठ (धागाकर्ता)

काही आठवड्यांपूर्वी रत्नागिरी जिल्ह्याच्या खेड तालुक्यातील एका रासायनिक कारखान्याच्या विस्तारासाठी पर्यावरणविषयक जनसुनावणी झाली आणि तिला मी श्रोता म्हणून हजर होतो. कंपनीच्या वतीने बोलणाऱ्यांनी परिसरातील कारखान्यांच्या वार्षिक उलाढालींची बेरीज करून तो आकडा 'या भागाचे अर्थव्यवस्थेतील योगदान' म्हणून मांडला. विरोध करणाऱ्यांनी स्थानिक कायम कामगारांची संख्या सांगितली आणि या उद्योगाचा गावाला होणारा उपयोग तेवढाच आहे, असे म्हटले. सभा संपली, पण या भागात वर्षभरात खरोखर किती मूल्य निर्माण होते, या प्रश्नाला दोन्ही बाजूंनी हातच लावलेला नाही, ही गोष्ट माझ्या मनातून गेली नाही.

उलाढालींची बेरीज का चालत नाही, हे एका कल्पित उदाहरणाने सांगतो. पहिला कारखाना ४० कोटी रुपयांचे बेंझीन व इतर माल बाहेरून आणून नायट्रोबेंझीन तयार करतो आणि ते ५० कोटींना शेजारच्या कारखान्याला विकतो. दुसरा त्यात १५ कोटींचा इतर माल व इंधन घालून अॅनिलीन करतो आणि ८० कोटींना तिसऱ्याला देतो. तिसरा आणखी २५ कोटींचा माल वापरून रंगांची मध्यवर्ती रसायने (ज्यांपासून पुढे रंग बनतात ती) तयार करतो आणि १३० कोटींना परदेशी पाठवतो. तिघांच्या उलाढालींची बेरीज २६० कोटी होते. प्रत्येकाने विकत घेतलेला माल वजा केला, तर पहिल्याची मूल्यवृद्धी १०, दुसऱ्याची १५ आणि तिसऱ्याची २५, अशी एकूण ५० कोटी भरते. शेवटच्या १३० कोटींतून बाहेरून आलेले ८० कोटी वजा केले तरी तेच ५० उरतात. म्हणजे सभेत सांगितला जाणारा आकडा खऱ्या निर्मितीच्या पाचपटीहून अधिक असू शकतो. शिवाय उद्या हे तिन्ही कारखाने एकाच कंपनीत विलीन झाले, तर तोच आकडा एका दिवसात अर्धा होईल, आणि प्रत्यक्षात एक किलोही माल कमी निघालेला नसेल.

राज्याची आर्थिक पाहणी जिल्हानिहाय उत्पन्न देते, परंतु ते सर्व क्षेत्रांचे मिळून असते. रायगडच्या उत्पन्नात न्हावा-शेवा बंदरही येते आणि डोलवीचे पोलादही येते. मला हवे आहे ते केवळ रसायनांचे, आणि शक्य झाल्यास औद्योगिक क्षेत्रानुसार: लोटे-परशुराम, महाड, रोहा-धाटाव, पाताळगंगा-रसायनी आणि तळोजे. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, त्याला सहा दशके उलटून गेली. ज्या नद्यांच्या काठी ही क्षेत्रे उभी राहिली, त्या नद्यांच्या लोकांना हा आकडा माहीत असण्याचा हक्क आहे, असे मला मनापासून वाटते. सांख्यिकी, लेखापालन किंवा कारखान्याचा प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांनी मार्गदर्शन करावे.

मध्यक

मी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवतो. आपला मूळ मुद्दा बरोबर आहे. मोजायची गोष्ट मूल्यवृद्धीच आहे, आणि तिचा मुख्य स्रोत म्हणजे राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाची वार्षिक उद्योग पाहणी. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या मूळ व्याख्येनुसार वीज वापरणारे दहा किंवा अधिक कामगारांचे आणि वीज न वापरणारे वीस किंवा अधिक कामगारांचे कारखाने तिच्या कक्षेत येतात. मोठ्या कारखान्यांची माहिती दरवर्षी घेतली जाते आणि लहानांची नमुना पद्धतीने. राज्य पातळीवर ही रचना भक्कम आहे. मात्र एका तालुक्यातील लहान कारखान्यांपैकी नमुन्यात मोजकेच येत असल्याने तालुक्याचा अंदाज एकेका कारखान्याच्या येण्या-न येण्याने हेलकावे खातो.

आणखी दोन अडचणी लक्षात घ्याव्यात. एकाच मालकाचे एकाच राज्यात एकाच प्रकारच्या उद्योगाचे दोन कारखाने असतील, तर त्यांना संयुक्त विवरण भरता येते. त्यामुळे लोट्याचे उत्पादन रोह्याच्या पत्त्याखाली नोंदले जाणे शक्य असते. दुसरे असे की, एकेका कारखान्याची ओळख पटेल अशी माहिती कायद्याने प्रसिद्ध करता येत नाही, आणि एखाद्या क्षेत्रात एकच मोठा कारखाना असेल तर त्या क्षेत्राचा आकडा म्हणजे त्या कारखान्याचाच आकडा ठरतो.

'रसायने' या शब्दाची सीमाही आधी ठरवावी लागेल. २००८ च्या राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणात विभाग २० हा रसायनांचा आहे आणि त्यात मूलभूत रसायने, खते, प्राथमिक रूपातील प्लास्टिक, कीटकनाशके, रंग, साबण आणि कृत्रिम तंतू येतात. औषधांचा विभाग २१ स्वतंत्र आहे आणि तेलशुद्धीकरण विभाग १९ मध्ये जाते. २००४ च्या वर्गीकरणात रसायने आणि औषधे विभाग २४ मध्ये एकत्र होती, त्यामुळे जुनी आणि नवी मालिका सरळ जोडली तर रसायन उद्योग एका वर्षात आकसल्याचा भास होतो. महाड, लोटे आणि तारापूर येथे औषधांतील मूळ गुणकारी द्रव्ये तयार करणारे कारखाने बरेच आहेत. त्यांचे रिअॅक्टर (रासायनिक क्रियेची मोठी भांडी), कच्चा माल आणि सांडपाणी हे सगळे रसायन उद्योगासारखेच असते, पण गणतीत ते विभाग २१ मध्ये बसतात. माझे मत असे की, प्रादेशिक अभ्यासात २० आणि २१ दोन्ही घ्यावेत, मात्र वेगळ्या रकान्यांत.

खतावणी

महाडच्या एका रंग-मध्यवर्ती रसायनांच्या कारखान्यात मी बावीस वर्षे हिशेब विभागात काढली. कागद कुठे तयार होतो आणि कुठे जातो, हे सांगू शकेन.

१ जुलै २०१७ पूर्वी केंद्रीय उत्पादन शुल्काची नोंदणी कारखान्याच्या जागेनुसार असे. दर महिन्याच्या विवरणात कोणते उत्पादन किती निघाले, किती बाहेर गेले आणि कोणत्या मूल्याला गेले, हे त्या जागेपुरते लिहावे लागे. वस्तू व सेवा कर आल्यावर नोंदणी राज्यनिहाय झाली. कंपनीचे मुख्य ठिकाण मुंबईचे कार्यालय असेल, तर महाड, तारापूर आणि अंबरनाथचे तिचे तिन्ही कारखाने त्याच एका नोंदणीखाली अतिरिक्त ठिकाणे म्हणून राहतात आणि विवरण एकच जाते. कर भरणाऱ्याला हे सोयीचे झाले यात शंका नाही. परंतु कारखान्यानुसार उत्पादनाची जी मासिक नोंद सरकारकडे आपोआप जमा होत होती, ती थांबली, आणि प्रादेशिक मापनाच्या दृष्टीने ही हानी फार मोठी आहे. या बदलाविषयी इतके लिहिले गेले, पण हा मुद्दा मला क्वचितच वाचायला मिळाला.

दुसरी गोष्ट जॉबवर्कची. आमच्या भागातील अनेक लहान कारखाने स्वतःचा माल विकत नाहीत. मुंबईची किंवा गुजरातची कंपनी कच्चा माल पाठवते, हे कारखाने नायट्रेशन, हायड्रोजनेशन यांसारखी रासायनिक प्रक्रियेची एखादी पायरी करून देतात आणि किलोमागे ठरलेला दर घेतात. कच्चा माल त्यांच्या मालकीचा नसल्याने त्यांचे 'उत्पादन' म्हणजे फक्त ती मजुरी. शेजारच्या दोन कारखान्यांत तेच रिअॅक्टर, तेवढीच माणसे आणि तोच माल असू शकतो. एक स्वतः माल घेऊन विकतो म्हणून त्याची उलाढाल ६० कोटी दिसते आणि दुसरा जॉबवर्क करतो म्हणून ९ कोटी दिसते. मूल्यवृद्धी काढली की दोघे पुष्कळ जवळ येतात, पण तंतोतंत सारखे होत नाहीत, कारण माल बाळगण्याचा आणि विकण्याचा नफा मूळ मालकाच्या हिशेबात, बहुतेक वेळा दुसऱ्या जिल्ह्यात, जमा होतो.

जगबुडीकाठ

जॉबवर्कचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. त्याबद्दल मनापासून आभार. औद्योगिक क्षेत्राला मिळणारी वीज हा निर्देशक म्हणून वापरता येईल का? वितरण कंपनीकडे ही माहिती ठिकाणानुसार असते.

मध्यक

सावधपणे वापरता येईल. मिठाच्या पाण्याचे विद्युत-विघटन करून कॉस्टिक सोडा आणि क्लोरीन काढणाऱ्या कारखान्यात वीज हाच जवळजवळ मुख्य कच्चा माल असतो, तर बॅच पद्धतीने औषध-मध्यवर्ती रसायने करणाऱ्या कारखान्यात ऊर्जेचा मोठा भाग बॉयलरच्या वाफेतून येतो आणि विजेच्या मीटरवर तो दिसत नाही. त्यामुळे दोन क्षेत्रांची तुलना विजेवरून करू नये. एकाच क्षेत्रातील उत्पादनमिश्रण फारसे बदलले नसेल, तर लागोपाठच्या वर्षांतील चढउताराचा अंदाज येतो, एवढाच तिचा उपयोग.

खरा धोका मात्र दुसरीकडे आहे, आणि रसायन उद्योगात तो सर्वांत तीव्र आहे. उत्पादन 'वाढले' असे आपण म्हणतो तेव्हा किमतीचा परिणाम काढून टाकलेला असावा लागतो. समजा, एका क्षेत्राचे उत्पादन १०० कोटी आणि त्यासाठी लागलेला माल ८० कोटी, म्हणजे मूल्यवृद्धी २० कोटी. पुढच्या वर्षी माल वजनाने तेवढाच लागला आणि तेवढाच निघाला, पण कच्चे तेल स्वस्त झाल्याने कच्च्या मालाच्या किमती २० टक्क्यांनी आणि तयार मालाच्या १० टक्क्यांनी उतरल्या. आता उत्पादन ९०, माल ६४ आणि मूल्यवृद्धी २६ कोटी. ही २६ केवळ तयार मालाच्या निर्देशांकाने भागली, तर सुमारे २८.९ येतात आणि वास्तविक वाढ जवळपास ४४ टक्के दिसते. उत्पादन आणि कच्चा माल यांना आपापल्या निर्देशांकांनी वेगवेगळे भागले, तर १०० वजा ८० म्हणजे पुन्हा २०, आणि वाढ शून्य. प्रत्यक्षात एक किलोही जास्त निघालेला नसल्याने दुसरे उत्तर बरोबर आहे.

२०११-१२ या पायाभूत वर्षाच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या मालिकेत कारखानदारीसाठी पहिली, म्हणजे एकेरी पद्धत वापरली गेली, आणि २०१४ च्या उत्तरार्धात तेलाचे भाव कोसळल्यानंतर अर्थतज्ज्ञांमध्ये यावर मोठा वाद झाला. नॅफ्था, बेंझीन, टोल्युईन यांच्यावर उभ्या असलेल्या रायगड-रत्नागिरीच्या कारखान्यांना हा वाद थेट लागू होतो. २०११-१२ च्या घाऊक किंमत निर्देशांकात रसायने व रासायनिक उत्पादने या गटाचे वजन ६.४६५ टक्के आहे, परंतु एका गटाचा सरासरी निर्देशांक घेऊन काम भागणार नाही. महाडच्या रंग-मध्यवर्ती रसायनांना त्यांचा आणि लोट्याच्या कीटकनाशकांना त्यांचा उपगट लावावा लागेल.

धरमतर

अलिबाग तालुक्यातील थळच्या खत प्रकल्पाचा विचार केल्याशिवाय रायगडचे रसायन-उत्पादन पुरे होणार नाही, आणि तिथे मापनाचा एक वेगळाच प्रश्न उभा राहतो. युरियाची किंमत सरकार ठरवते. ४५ किलोच्या पिशवीची मूळ किंमत २४२ रुपये, म्हणजे टनामागे साधारण ५,४०० रुपये. त्यासाठी लागणाऱ्या नैसर्गिक वायूचाच खर्च याहून कितीतरी अधिक असतो. शेतकऱ्याने दिलेल्या किमतीवर उत्पादन मोजले, तर त्यातून वायूचा खर्च वजा करताच मूल्यवृद्धी ऋण येईल, आणि रात्रंदिवस चालणारा एवढा मोठा कारखाना मूल्य नष्ट करतो, असा निष्कर्ष निघेल.

राष्ट्रीय लेख्यांत यासाठी मूलभूत किंमत वापरतात. उत्पादकाच्या हाती प्रत्यक्ष जे पडते ते, म्हणजे उत्पादनावरील अनुदान मिळवून आणि उत्पादनावरील कर वगळून. तिथे युरियाचे अनुदान उत्पादनाच्या मूल्यात येते. हे तर्कशुद्ध आहे. पण त्याचा परिणाम असा की, अनुदानाच्या दरात किंवा हिशेबाच्या पद्धतीत दिल्लीत बदल झाला, तर थळला एक टनही फरक न पडता रायगडच्या रसायन क्षेत्राची चालू किमतींची मूल्यवृद्धी वर-खाली होते. म्हणून खते वेगळ्या ओळीत ठेवावीत, असे सुचवतो. नागोठण्याच्या पेट्रोरसायन संकुलाबाबतही तेच करावे. त्याचा आकार इतका मोठा आहे की, त्याच्यासोबत मोजल्यास धाटावच्या लहान कारखान्यांत काय चालले आहे, ते दिसेनासे होईल.

सावित्रीतीर

मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी नाही. आमचे घर बाणकोट खाडीच्या काठी आहे आणि दोन पिढ्या मासेमारीवर जगल्या. या मोजणीत नदीचा हिशेब कुठे येतो, हे मला समजून घ्यायचे आहे. महाडचे पाणी सावित्रीतून आमच्याकडे येते, लोट्याचे दाभोळ खाडीत जाते, रोह्याचे कुंडलिकेतून रेवदंड्याला. माझ्या वडिलांच्या जाळ्यात जे मासे येत, त्यांतले काही आज आम्हाला नावानेच ठाऊक आहेत. ५० कोटींची मूल्यवृद्धी झाली असे म्हणताना हे नुकसान कुणाच्या खात्यावर लिहिले जाते?

मध्यक

आपला प्रश्न हा मापनाच्या गाभ्याचाच आहे, आणि त्याचे प्रामाणिक उत्तर असे की, आजच्या पद्धतीत ते कारखान्याच्या खात्यावर कुठेही लिहिले जात नाही.

कारखान्याने सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राला शुल्क दिले, तर तो खर्च वजा होऊन त्याची मूल्यवृद्धी तेवढी कमी दिसते. प्रक्रिया टाळली, तर खर्च वाचतो आणि मूल्यवृद्धी जास्त दिसते. आपल्या जाळ्यात मासळी कमी आली, तर घट दिसते ती मत्स्यव्यवसायाच्या उत्पन्नात. पण ती कोणामुळे झाली, याचा दुवा कोणत्याही तक्त्यात नसतो. जिल्ह्याच्या एकूण बेरजेत दोन्ही आकडे येतात, आणि कारखान्याचा आकडा मोठा असल्याने मच्छीमाराची हानी त्यात बुडून जाते. अपघातानंतरचे चित्र तर आणखी विपरीत आहे. डोंबिवलीत २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी स्फोट झाले, आसपासच्या इमारतींची हानी झाली. ती दुरुस्त करण्यासाठी झालेले काम बांधकाम क्षेत्राचे उत्पादन म्हणून मिळवले जाते आणि जे नष्ट झाले ते वजा होत नाही.

पर्यावरण-आर्थिक लेखांकनाची संयुक्त राष्ट्रांची चौकट २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून स्वीकारली गेली. तिच्यात प्रदूषकांचे प्रमाण भौतिक एककांत, म्हणजे टनांत आणि घनमीटरांत, उद्योगानुसार नोंदवतात. आपल्या तक्त्यात रुपयांतील हानीचा अंदाज लगेच घालण्याचा आग्रह मी धरणार नाही, कारण तो कच्चा निघाला तर सगळ्या कामावरचा विश्वास उडेल. परंतु मूल्यवृद्धीच्या शेजारी सांडपाण्याचे आणि घातक कचऱ्याचे प्रमाण मात्र असलेच पाहिजे.

जगबुडीकाठ

सावित्रीतीर, आपण विचारले नसते तर हा रकाना माझ्या तक्त्यात आला नसता.

याला लागूनच आणखी एक शंका मांडतो. जिल्हा उत्पन्न हे उत्पादन जिथे झाले त्या जागेचे असते, तिथे राहणाऱ्यांचे नव्हे. लोट्यात निर्माण झालेल्या मूल्यापैकी नफा, व्याज आणि घसारा मुंबईच्या किंवा परदेशातील खात्यात जातो, आणि तरीही रत्नागिरी जिल्ह्याचे दरडोई उत्पन्न त्या रकमेने वाढलेले दिसते. म्हणून मूल्यवृद्धीतून मजुरी व पगार वेगळे काढून दाखवावेत, असे मला वाटते. कंत्राटी कामगार त्यात धरले जातात का?

खतावणी

वार्षिक उद्योग पाहणीत धरले जातात. थेट नेमलेले आणि कंत्राटदारामार्फत आलेले, अशा वेगळ्या नोंदी असतात. सुनावणीत सांगितल्या जाणाऱ्या कायम कामगारांच्या संख्येत ते नसतात, आणि आमच्या क्षेत्रात ड्रम भरणे, सेंट्रिफ्यूज रिकामा करणे, टँकर उतरवणे ही सर्व कामे बहुतांशी तेच करतात.

आता तालुक्याच्या आकड्याकडे वळतो, कारण वरून खाली येणारी आकडेवारी तिथवर पोहोचत नाही. खालून वर जाण्याचा एक मार्ग आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात प्रत्येक उत्पादनाचे नाव आणि मंजूर प्रमाण असते. विदेश व्यापार महासंचालनालय निर्यातदारांसाठी निविष्टा-उत्पादनाचे मानक निकष प्रसिद्ध करते, आणि त्यांतून अमुक रसायनाच्या एका किलोला कोणता कच्चा माल किती लागतो, ते कळते. दोन्हींना बाजारभाव लावले, तर कच्चा माल वजा जाता किलोमागे किती उरते, हे उत्पादनानुसार काढता येते. त्यातून वाफ, वीज, पाणी आणि सांडपाणी प्रक्रियेचा खर्च वजा करावा.

यातली मोठी चूक होण्याची जागाही सांगतो. मंजूर प्रमाण म्हणजे प्रत्यक्ष उत्पादन नव्हे. दहा उत्पादनांची मंजुरी असलेला कारखाना त्याच रिअॅक्टरमध्ये पाळीपाळीने तीन-चारच उत्पादने घेतो, म्हणून सर्व मंजुऱ्यांची बेरीज केली तर आकडा फुगेल. पडताळणीसाठी निर्यात उपयोगी पडेल. १५ फेब्रुवारी २०२० पासून निर्यातीच्या शिपिंग बिलावर मालाचा मूळ जिल्हा लिहिणे बंधनकारक आहे. मात्र व्यापाऱ्यामार्फत गेलेल्या मालावर गोदामाचा जिल्हा लिहिला जाण्याची शक्यता असते, हे ध्यानात ठेवावे.

धरमतर

रसायनीसाठी एक सूचना. हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सची स्थापना १९६० ची, आणि तिच्या रसायनीच्या प्रकल्पातून नायट्रोबेंझीन, अॅनिलीन, संहत नायट्रिक आम्ल असा पायाभूत माल निघत असे. २०१७ मध्ये केंद्र सरकारने तिथली न परवडणारी संयंत्रे बंद करण्याचा आणि अग्निबाणांच्या इंधनप्रणालीत लागणाऱ्या डायनायट्रोजन टेट्रॉक्साइडचे संयंत्र इस्रोकडे देण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे २०१७ च्या आधीची आणि नंतरची पाताळगंगा-रसायनी पट्ट्याची तुलना करताना हा खंड ठळकपणे नोंदवावा. पायाभूत माल देणारा कारखाना बंद झाला की, तो माल घेणारे आयातीकडे वळतात आणि साखळीतील मूल्यवृद्धीचा तेवढा भाग प्रदेशाबाहेर जातो. उलाढालीच्या आकड्यांत ही गोष्ट कधीच दिसली नसती.

जगबुडीकाठ

सर्वांच्या सूचना धरून मी लोट्यापासून सुरुवात करतो, कारण तिथली संमतीपत्रे मी जमा करू लागलो आहे. प्रत्येक उत्पादनासाठी मंजूर प्रमाण, प्रत्यक्ष उत्पादनाचा कमाल व किमान अंदाज, किलोमागची मूल्यवृद्धी, मजुरीचा वाटा आणि सांडपाण्याचे प्रमाण, असे रकाने असतील. विभाग २० आणि २१ वेगळे राहतील. तारापूर सध्या बाजूला ठेवतो, कारण १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा ठाण्यातून वेगळा झाल्याने त्याआधीचे जिल्हानिहाय आकडे जुळवावे लागतील. एकच उत्तर देण्याऐवजी दोन टोकांचे अंदाज द्यावेत, असे ठरवले आहे.

मध्यक

दोन टोकांचे अंदाज देण्याचा निर्णय योग्य आहे. किमती २०११-१२ च्या घ्या आणि मालिका २००८-०९ च्या मागे नेऊ नका. वार्षिक उद्योग पाहणीत नवे वर्गीकरण त्याच वर्षापासून लागू आहे. कच्च्या मालाचा निर्देशांक स्वतंत्र लावायला विसरू नका.

खतावणी

लोट्याच्या यादीत जॉबवर्क करणारे कोणते, ते नुसत्या संमतीपत्रावरून कळणार नाही. तिथे त्याच क्षेत्रात काम केलेल्या माणसांना विचारावे लागेल. त्यांच्यापैकी निवृत्त झालेल्या तिघांना मी ओळखतो. आपण यादी इथे लावलीत, तर त्यांच्यासोबत बसून प्रत्येक नावासमोर खूण करून देईन.